पाठीवर कणीक, पोटाशी सेवेरिन

मी दगड बोलतोय. देवळातला नाही, रस्त्यातला नाही, आणि कुणाच्या काळजाचा झालेला तर मुळीच नाही. मी छपाईचा दगड. ज्या कामाला तुम्ही शिळाछाप म्हणता, त्यातली शिळा ती मीच. सध्या मुक्काम वॉर्सातल्या जुन्या गावात, एका बेकरीत, खिडकीखालच्या टेबलावर. सकाळपासून माझ्या पाठीवर कणीक मळली जाते. पोटाकडची बाजू खाली, टेबलाला लागून असते.

आज तोंड उघडायचं कारण बाल्बिनाचा नवरा. बाल्बिना म्हणजे या बेकरीची आताची मालकीण. काल तिच्या नवऱ्यानं मला कडेनं उचलून खाली डोकावून पाहिलं. "ही बाजू किती काळपट झालीय गं," तो म्हणाला. "संगमरवरवाल्याकडे नेतो आणि घासून लख्ख करून आणतो. दोन्हीकडून वापरता येईल."

माणूस वाईट नाही, कामसू आहे. मला धास्ती वाटते ती कामसू माणसांचीच. माझ्या पोटावर काय आहे ते त्याला ठाऊक नाही, म्हणून सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म बव्हेरियातल्या खाणीतला. तिथे आम्ही थरावर थर असे पडलेलो होतो. माझ्या शेजारच्या थरात एक मासा होता, काट्यांसकट उमटलेला. खाणीतल्या मुकादमानं तो पाहून तोंड वाकडं केलं आणि तो थर बाजूला टाकायला लावला. अंगावर आधीच चित्र असलेला दगड छपाईला चालत नाही. मी कोरा होतो, पिवळसर, सगळीकडे सारखा, म्हणून मला म्युनिकच्या बाजारात धाडलं.

तिथे मला कायेतान रुदनिच्कीनं विकत घेतलं. हा पोलंडचा तरुण तैलचित्रं शिकायला आलेला. लढाया, राजे, उधळलेले घोडे, सगळं भिंतभर मोठं काढायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. दगडावरची छपाई तो पोटासाठी म्हणून शिकला. परत निघताना त्यानं गाडीत एवढे दगड भरले, की बसायला जागा उरली नाही. मग तो माझ्यावरच बसून आला. वाटभर गाडीवान त्याला छळत होता, "काय हो, तुमच्या गावात दगड मिळत नाहीत?"

वॉर्सात तेव्हा हे काम येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तरी भिंतभर चित्र मागायला कुणी आलं नाही. लोकांना हवी होती संतांची चित्रं, नाचाच्या गाण्यांच्या सुरावटी, औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. कायेताननं गल्लीतल्या एका तळमजल्यावर दाबयंत्र बसवलं, मागच्या खोलीत आपलं ते भिंतभर कापड ताणून ठेवलं आणि बायकोला, तेक्लाला, सांगितलं, "हे छापायचं काम वर्ष-दोन वर्षं. मग फक्त चित्रकला."

तेक्ला म्हणाली, "बरं." ते "बरं" ती पुढे जन्मभर म्हणत राहिली.

आता माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मेणकट खडूनं माझ्यावर रेघ ओढली, की ती चरबी मी आत शोषून घेतो. डिंकाच्या पाण्यात थेंबभर तेजाब घालून ते वर फिरवलं, की चित्र पक्कं बसतं. मग ओलं फडकं फिरवायचं आणि शाईचा रूळ चालवायचा. चरबी असेल तिथेच शाई धरते, बाकीची ओली जागा तिला जवळ येऊ देत नाही. वर कागद ठेवून दाबला की चित्र कागदावर उतरतं. पण एक खोड आहे. खडूची चरबी कुठली आणि माणसाच्या बोटाची कुठली, हे मला कळत नाही. कुणी नुसतं बोट टेकलं तरी मी ते चित्र समजून जपून ठेवतो.

म्हणून आल्या माणसाला कायेतान नमस्काराच्या आधी ओरडून सांगायचा, "दगडाला हात लावायचा नाही!" उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आधी इथे तळणीचा गुरुवार असतो. त्या दिवशी अख्खं शहर पोंचकी खातं, म्हणजे चरबीत तळलेले, गुलाबाचा मुरंबा भरलेले फुगीर गोळे. त्या दिवशी आमचा छापखाना बंद. राजानं बोलावलं तरी कायेतान त्या दिवशी कुणाला माझ्या जवळ फिरकू देत नसे.

पहिलं मोठं काम त्यानं घेतलं ते चेन्स्तोहोवाच्या काळ्या देवमातेचं. तिच्या उजव्या गालावर तलवारीचे वण आहेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कायेताननं समोर चित्र ठेवलं आणि माझ्यावर ते हुबेहूब उतरवलं. म्युनिकला शिकून आलेला माणूस, पण हौसेच्या भरात विसरला की दगडावर जे काढावं ते कागदावर उलटं उमटतं. गठ्ठाभर छापून झाल्यावर शेजारची बेकरीवाली अपोलोनिया पाव घेऊन आली. इथल्या बायकांना देवाचं चित्र दिसलं की त्या आधी ओठ टेकतात. तीही वाकली, आणि अर्ध्यातच थबकली.

"अहो चित्रकार, ही कोण?"

"कोण म्हणजे? देवमाता."

"वण डाव्या गालावर गेलेत. बाळ दुसऱ्याच हातावर आहे. ही आमची नव्हे. हिची कुणी जुळी बहीण असली तर मला माहीत नाही."

आत तेक्ला एप्रनचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. गल्लीतल्या एकाही बाईनं ते चित्र घेतलं नाही, फुकट दिलं तरी नाही. आणि कशीही झाली तरी देवमाता, तेव्हा त्या कागदांत पावही बांधता येईना. शेवटी गठ्ठा माळ्यावर गेला. कायेताननं दुसऱ्या दिवशी एक आरसा आणला. त्यानंतर तो जन्मभर आरशात बघूनच दगडावर काढत राहिला.

दाबयंत्राचा दांडा ओढायला ओनुफ्री होता. अंगानं रेडा, आणि आळशी असा की शिंक आली तरी उद्यावर ढकलेल. एक चित्र छापून झालं की दगड घासून कोरा करायचा असतो. दोन दगड तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मध्ये ओली वाळू घालायची आणि गोल गोल फिरवत राहायचं. ओनुफ्री डोळ्यांना दिसेनासं झालं की थांबायचा. पण डोळ्यांना दिसत नसलं तरी चरबी माझ्या आत मुरलेली असते. एकदा त्यानं असाच घासलेल्या दगडावर बिशपसाहेबांचं चित्र छापलं, तर साहेबांच्या गालावर आधीच्या चित्रातल्या घोड्याचं शेपूट उगवलं.

"ओनुफ्री, गाढवा!" कायेतान ओरडला. "हे काय आहे?"

"मिशी म्हणायची, मालक."

"बिशपाला?"

"मग दगडालाच विचारा. मी तर दिसेनासं होईपर्यंत घासला होता."

तेव्हापासून दिवसाआड ऐकू यायचं, "पुरता घास! तुझ्यासारखा घासू नकोस!"

अपोलोनिया विधवा होती. तिला एकच मुलगा, सेवेरिन. पाव पोचवायला यायचा तो आमच्याकडेच रेंगाळायचा. कायेतानला नमुन्यासाठी माणूस परवडत नसे, म्हणून संतांचे हात काढायला तो सेवेरिनला बसवायचा. आशीर्वाद देणारे हात, जोडलेले हात, काठी धरलेले हात. वॉर्सातल्या निम्म्या संतांना बेकरीवाल्या पोराचे हात लाभले ते असे. पण चेहरा त्यानं कधी काढला नाही.

"काका, एकदा तोंडही काढा की," सेवेरिन म्हणायचा.

"तुझं तोंड भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखं आहे. त्याला जरा कोपरे फुटू देत, मग बघू."

तोंड गोल होतं खरं. कान बाहेर आलेले, आणि लहानपणी भट्टीचं दार लागून डावी भुवई मधोमध चिरलेली. मला तो आवडायचा. तो माझ्या अंगावरून हात न लावता वाकून बघायचा आणि श्वासही बाजूला सोडायचा.

मग नोव्हेंबरात रशियाच्या झारच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि सेवेरिन पलटणीत गेला. जायच्या दिवशी भेटायला आला तेव्हा त्याच्या बुटांवर अजून पीठ होतं. "काका, आता तरी?" त्यानं विचारलं. कायेतान त्या दिवशी उठावाची पत्रकं छापण्यात गढलेला. "परत ये, मग काढतो," तो म्हणाला, "तोवर कोपरे फुटतील."

फेब्रुवारीत नदीपलीकडे ग्रोखुव्हला लढाई झाली. तोफांनी आमच्या खिडक्या दिवसभर थरथरत होत्या. लोक घायाळांना घेऊन पुलावरून येत होते. सेवेरिन त्यांत नव्हता. त्याला तिकडेच, इतर पोरांबरोबर, एकाच खड्ड्यात पुरल्याचं त्याच्या पलटणीतल्या सोबत्यानं येऊन सांगितलं.

काही दिवसांनी अपोलोनिया आमच्या दारात उभी राहिली. पावाची टोपली नव्हती.

"त्याचं चित्र काढा," ती म्हणाली.

कायेतान म्हणाला, "अपोलोनियाबाई, माझ्याकडे त्याचे हातच आहेत. खूप आहेत. हवे तेवढे घेऊन जा."

"हात मला पाठ आहेत, रोज माझ्याच परातीत असायचे. तोंड विसरेन की काय, याची भीती वाटते. आज सकाळी आठवायला गेले, तर मला आधी त्याची टोपीच आठवली."

कायेताननं ओनुफ्रीकडून मला घासून घेतलं. समोर उभा राहून घासून घेतलं, पुरतं.

उपासाचे दिवस होते. ती रोज दुपारी भट्टी निवली की यायची आणि माझ्यापासून लांब, स्टुलावर बसायची. कायेतान आरसा समोर ठेवून काढत होता आणि ती डोळे मिटून सांगत होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्याला इतका निमूट कधी पाहिला नाही.

"कान एवढे शहाणे नव्हते हो. जरा बाहेर घ्या."

"एवढे?"

"आणखी. वाऱ्यात लाल व्हायचे. नाक माझ्या सासऱ्याचं, बसकं. आणि हसत नसला तरी तो आत्ता हसेल असं वाटायचं, तसं काढा."

"तसं कसं काढायचं, बाई?"

"ते मला काय विचारता? म्युनिकला तुम्ही गेला होता."

अखेर चित्र पुरं झालं. कायेताननं तिला जवळ बोलावलं. तिनं हात पाठीमागे बांधले, वाकून मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"भुवई चुकली," ती म्हणाली. "उजवी चिरलीत. देवमातेच्या वेळचं तेच पुन्हा केलंत तुम्ही."

कायेताननं आरसा उचलला आणि माझ्या बाजूला असा धरला की तिला त्यात दिसावं. तिनं आरशात पाहिलं. मला आरशातलं दिसत नव्हतं, मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. ओनुफ्रीनं टोपी काढली.

मग काय झालं ते कुणाला अडवता आलं नाही. आरशात लेक दिसला, पण ती आरशाकडे गेली नाही. ती माझ्याकडे वाकली आणि इथल्या बायका देवाच्या चित्राला टेकतात तसे तिनं माझ्यावर, त्याच्या कपाळावर, ओठ टेकले.

"हात लावायचा नाही!" कायेतान सवयीनं ओरडला. हात लागला नव्हता. ओठ लागले होते.

उपासात इथे लोणी चालत नाही, सगळं जवसाच्या तेलात करतात. नुसत्या ओठांचं मी एवढं धरलं नसतं, पण त्यांना लागलेल्या त्या तेलाचं धरलं. पहिला कागद उचलला तेव्हा सेवेरिन होता, कान बाहेर, भुवई डावी, हसायच्या बेतात. आणि कपाळावर एक गडद डाग होता, ओठांएवढा.

अपोलोनियानं तोंडावर हात घेतला. "मी चित्र घाण केलं."

"खरवडून काढू का, मालक?" ओनुफ्रीनं पातं पुढे केलं. कायेताननं ते घेतलं, माझ्यावर नेलं आणि मग खाली ठेवलं. स्वतःच्या कामाबद्दल भारी ताठा असलेला माणूस तो. गल्लीत कुणी त्याच्या चित्राला चांगलं म्हटलं नाही तर त्या घरचा पाव खायचा नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "बाकी सगळं मी आठवून काढलंय. एवढीच एक गोष्ट माहीत असलेल्या माणसानं ठेवलीय."

थोडेसेच कागद छापले. एक अपोलोनियानं बेकरीत देवमातेच्या शेजारी लावला, बाकीचे सेवेरिनच्या सोबत्यांनी नेले. सप्टेंबरात शहर पडलं. ते सोबती परमुलखात गेले, कागद त्यांच्याबरोबर गेले.

पुढच्या हिवाळ्यात हुकूम निघाला. उठावातल्या माणसांची चित्रं सरकारजमा करायची, आणि ज्या दगडांवर ती असतील ते अधिकाऱ्यासमोर घासून कोरे करायचे. आमच्याकडे फौजदार आला तो नेमका तळणीच्या गुरुवारी. बेकरीतला कागद त्यानं आधीच भिंतीवरून उतरवून गुंडाळून घेतला होता. त्याच्यामागून अपोलोनिया आली, हातात पोंचकींची थाळी. थाळी कशाला आणली ते तिलाही सांगता आलं नसतं. दारी आलेल्याला त्या दिवशी पोंचकी द्यायची, एवढं अंगवळणी पडलेलं.

फौजदारानं एक उचलून तोंडात घातली आणि कागद उलगडला. "कपाळात गोळी लागली होती काय?"

"नाही साहेब," अपोलोनिया म्हणाली. "ते माझे ओठ आहेत."

तो चावायचा थांबला. मग कागद पुन्हा गुंडाळून म्हणाला, "दगड कुठला?"

कायेताननं मला दाखवलं. खोटं बोलून उपयोग नव्हता, डिंकाखाली चित्र स्पष्ट दिसत होतं.

"घासा."

कायेतान मागे वळला. माझं सगळं आयुष्य त्या पुढच्या वाक्यावर उभं आहे. तो ओनुफ्रीला म्हणाला, "ओनुफ्री, तू घास. नेहमी घासतोस तसा."

ओनुफ्रीनं मालकाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्यानं बाह्या सरसावल्या, वाळू ओतली, पाणी ओतलं, आणि असा काही घामाघूम होऊन, धापा टाकत, कण्हत घासायला लागला, की बघणाऱ्याला त्याची दया यावी. वाळू करकर वाजत होती. मला मात्र जेमतेम खाजवल्यासारखं होत होतं. मध्येच तो हाश्शहुश्श करून कंबर धरायचा. फौजदारानं तेवढ्यात आणखी एक पोंचकी घेतली.

मला धुतलं तेव्हा वरून काही दिसत नव्हतं. ओला असलो की मी सगळीकडे सारखाच दिसतो. फौजदार जवळ आला आणि माझ्या कोपऱ्यावर अंगठा दाबून त्यानं तो फिरवून पाहिला. "गुळगुळीत आहे," तो म्हणाला. आमच्याकडे दगडाला हात लावायचा नाही, हे त्याला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

दाबयंत्राला सरकारी मोहोर लागली, छापखाना बंद. फौजदार गेला. कायेताननं घाईघाईनं माझ्यावर डिंक-तेजाबाचा हात फिरवला आणि मला फडक्यात गुंडाळलं.

"तो आहे का आत?" अपोलोनियानं विचारलं.

"मला माहीत नाही," कायेतान म्हणाला. "असेल. नसेलही. शाई लावल्याशिवाय कळणार नाही, आणि शाई आता लावता येत नाही. तुम्ही हा घेऊन जा. पाठीवर कणीक मळा, थंड दगड आहे, लोण्याच्या पिठाला चांगला. पोट खाली ठेवा."

"आणि कधी बघायचं?"

त्यानं फडक्याला गाठ मारली.

अशी माझी बेकरीतली नोकरी सुरू झाली. वर्षांमागून वर्षं गेली. ती रोज पहाटे माझ्यावर पिठाची मूठ टाकायची आणि मळायची. घाम यायचा, पण तिनं मला कधी जोरानं आपटलं नाही. कधी हात थांबायचे, आणि ती नुसती तळवे टेकून उभी राहायची. खाली तो आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आतलं आत असतं, ते दगडालाही बाहेरूनच कळतं.

छापखाना गेल्यावर कायेतान चित्रकार झाला एकदाचा. म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, खेड्यातल्या देवळांचे संत उजळवून द्यायला लागला. त्याचं ते भिंतभर कापड तुकडे होऊन पाट्यांना गेलं. एका खाटकाच्या पाटीच्या मागल्या बाजूला उधळलेल्या घोड्याचं अर्धं अंग बरीच वर्षं होतं. तेक्ला वारली. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

नवा झार गादीवर आला, परागंदा झालेल्यांतले काही परत येऊ लागले, झडतीसाठी दारं वाजायची थोडी थांबली. एका रविवारी प्रार्थनेनंतर कायेतान काठी टेकत बेकरीत आला. मागे ओनुफ्री, पाठीत वाकलेला, काखेत जुना शाईचा रूळ.

"बाई," कायेतान म्हणाला, "मला अजून अंधुक दिसतंय. आज नाही तर मग नाही."

तिनं दार लावून घेतलं. तिघांनी मिळून मला उलटं केलं. तिघंही म्हातारे, मी जड, तेव्हा त्यातच सगळ्यांना दम लागला. कायेताननं जुना डिंक धुतला. ओलं फडकं फिरवलं. ओनुफ्रीनं रूळ चालवला.

काही येईना. पुन्हा ओलं, पुन्हा रूळ. अपोलोनिया खुर्चीची पाठ धरून उभी होती.

आधी आला कपाळावरचा डाग. मग त्याच्याखाली भुवई, चिरलेली. मग एक कान, मग दुसरा. डोळे आले, पुसट, पण आले. नाकाची एकच बाजू आली. तोंड आलंच नाही, तिथे दगड कोराच राहिला. आणि खालच्या कोपऱ्यात, रेषान् रेषा स्पष्ट, काळाकुळकुळीत असा एक अंगठा उठला.

"हा कुणाचा?" ओनुफ्री म्हणाला. "मी नाही हां, मालक! शपथेवर!"

अपोलोनिया वाकली. तिला कळायला वेळ लागला नाही. "माझ्या पोंचकींचा आहे," ती म्हणाली. "फौजदाराचा. लेकाला पुसायला आला आणि अंगठा उठवून गेला. बरं झालं. आता तो पुसला गेलाच नाही, याला सरकारी साक्ष आहे." आणि ती हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली आणि रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

कायेताननं खिशातून मेणकट खडूचा तुकडा काढला. "तोंड भरून देतो," तो म्हणाला. "तेवढं राहिलंय. हसायच्या बेतातलं."

"नको," ती म्हणाली. "तोंड मला आठवतं."

त्यानं खडू खिशात ठेवला.

दाबयंत्र नव्हतं. कागद माझ्यावर पसरला आणि ओनुफ्रीनं लाकडी डावाच्या पाठीनं घासघासून तो उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काम संपलं तरी घासणं थांबवलं नाही, मालकाला "पुरे" म्हणावं लागलं. एकच कागद निघाला. दुसऱ्याला शाई पुरेना. अपोलोनियानं तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

मग ती परत आली. "अहो चित्रकार," तिनं विचारलं, "आता चालेल का?"

कायेतानला समजलं. "आता चालेल," तो म्हणाला. "आता काही बिघडत नाही."

ती वाकली आणि तिनं त्याच जागी ओठ टेकले. सरळ झाली तेव्हा तिचे ओठ काळे झाले होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला ती तशीच गेली.

कायेतान त्याच वर्षी गेला. त्याच्यामागून ओनुफ्री. अपोलोनिया बरीच जगली आणि तो कागद तिच्या सांगण्यावरून तिच्याबरोबरच पुरला. बेकरी तिच्या भाचीकडे, बाल्बिनाकडे, आली. सेवेरिनचे हात अजून वॉर्सात ठिकठिकाणी आशीर्वाद देत आहेत. परमुलखात गेलेल्या कागदांचं काय झालं, मला माहीत नाही. इथे त्याचा चेहरा उरलाय तो एवढाच, माझ्या पोटाशी. कान, भुवई, आणि आईनं दोनदा ठेवलेली एक खूण.

तेव्हा बाल्बिनाच्या नवऱ्याला माझं हात जोडून सांगणं आहे, मला हात नसले तरी. बाबा रे, पाठीवर हवं ते मळ. उन्हाळ्यात सफरचंदाचं, नाताळात खसखशीचं, माझी काही तक्रार नाही. खालची बाजू मात्र काळपट आहे तशीच राहू दे. आणि घासल्याशिवाय तुला चैनच पडणार नसेल, तर त्या संगमरवरवाल्याकडे नेऊ नकोस. तो पुरतं घासतो. गल्लीत शोध, ओनुफ्रीसारखा एखादा आळशी माणूस मिळाला तर बघ, आणि त्याच्याकडून नेहमीसारखं घासून घे.